खिडकी असो वा नसो: लिनक्सवर स्वतःचे पिक्सेल रंगवण्याची रीत

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी टर्बो सीवर कॉम्प्युटर ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स केली आहेत, त्यांना 'ग्राफिक्स डॉट एच' ही हेडर फाइल, 'इनिटग्राफ' हे फंक्शन आणि बीजीआय फोल्डरचा पाथ चुकला की हमखास येणारी ती एरर आठवतच असेल. त्या प्रॅक्टिकल्सनी एक सवय मात्र लावली: प्रोग्रॅम सुरू झाला की अख्खा पडदा आपला. डॉसच्या काळात ते खरेही होते. व्हीजीएच्या १३एच या मोडमध्ये ३२० × २०० पिक्सेल आणि दर पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ए००० या सेगमेंटपासून सलग ६४,००० बाइट असत आणि त्यांपैकी कोणत्याही जागी आकडा लिहिला की तिथला ठिपका लगेच त्या रंगाचा होई. आजच्या लिनक्सवर तसे करता येत नाही, कारण पडदा आता बहुधा विंडो सिस्टिमच्या (डेस्कटॉपवरील खिडक्या सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) ताब्यात असतो आणि ती सुरू नसली तर कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या.

म्हणून ग्राफिक्सचा प्रोग्रॅम लिहिताना 'रेषा कशी काढावी' आणि 'पडदा कोणाकडे मागावा' हे दोन प्रश्न पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर कुठेही बदलत नाही. ब्रेझनहॅम यांची १९६५ साली प्रसिद्ध झालेली रेषेची रीत मुळात पेन प्लॉटरसाठी होती, पडद्यासाठी नव्हतीच, आणि तरीही ती आज कोणत्याही पडद्यावर जशीच्या तशी चालते. दुसऱ्याचे उत्तर दर ठिकाणी वेगळे आहे. पुढील विवेचन लिनक्स आणि सी भाषा धरून केले आहे.

चित्र काढणारा भाग

आधी एक छोटे स्ट्रक्चर तयार करावे आणि त्यात चारच गोष्टी ठेवाव्यात: मेमरीचा आरंभीचा पत्ता, पिक्सेलमधील रुंदी, पिक्सेलमधील उंची आणि स्ट्राइड. स्ट्राइड म्हणजे एका ओळीच्या आरंभापासून पुढच्या ओळीच्या आरंभापर्यंतचे बाइटमधील अंतर. पिक्सेल ३२ बिटांचा असेल, तर क्ष आणि य या निर्देशांकांवरील पिक्सेलचा पत्ता असा निघतो:

पत्ता = आरंभ + (य × स्ट्राइड) + (क्ष × ४)

रेषा, आयत, वर्तुळ, अक्षर यांची सारी फंक्शन्स याच एका सूत्रावर उभी राहतात आणि त्यांना पडदा, खिडकी किंवा फाइल यांपैकी कशाचाही पत्ता लागू द्यायचा नसतो. क्ष आणि य हद्दीबाहेर तर नाहीत ना, ही तपासणीही याच थरात करावी, कारण पुढे जी मेमरी हाती येणार आहे तिच्याबाहेर लिहिले तर प्रोग्रॅम तिथेच कोसळेल आणि त्या वेळी पडद्यावर एरर वाचण्याचीही सोय नसेल.

हा थर तपासायला पडदा लागत नाही. मॅलॉकने घेतलेल्या साध्या मेमरीत चित्र काढावे आणि ते पीपीएम फाइलमध्ये लिहावे. या फाइलचा मथळा जेमतेम तीन ओळींचा असतो: पहिल्या ओळीत पी हे रोमन अक्षर व त्याला जोडून ६ हा अंक, दुसरीत रुंदी व उंची, तिसरीत २५५. त्यानंतर लाल, हिरवा, निळा या क्रमाने दर पिक्सेलचे तीन बाइट येतात. १३६६ × ७६८ चे चित्र असेल, तर मथळा सोडून फाइल बरोबर ३१,४७,२६४ बाइटांची व्हायला हवी. एका बाइटचाही फरक पडला, तर चूक आपल्या लूपमध्ये आहे. सर्व्हरवर आलेख किंवा नकाशे तयार करण्याचे काम असेल, तर मार्गदर्शन इथेच संपते. पीपीएमच्या जागी पीएनजी लिहिणारी लायब्ररी जोडावी आणि पडद्याचा विचार सोडून द्यावा. ग्राफिक्स कार्डाची ताकद हवी असली, तरीही खिडकीची गरज नसते. '/डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८' या नावाचा रेंडर नोड (पडद्याशी संबंध नसलेले, केवळ चित्रणासाठीचे उपकरण) उघडून ईजीएल या जोडणाऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने पडद्याविना ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणारी लायब्ररी, चालवता येते.

फ्रेमबफर: शिकण्यासाठी उत्तम

विंडो सिस्टिमशिवाय पडद्यावर ठिपका उमटवण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे '/डेव्ह/एफबी०' हे फ्रेमबफर उपकरण, म्हणजे पडद्याची मेमरी फाइलसारखी उघडून देणारी सोय. डेस्कटॉप सुरू असताना या उपकरणात लिहिले तर बहुधा काहीच दिसत नाही, कारण त्या वेळी पडद्यावर डेस्कटॉपचे स्वतःचे बफर (चित्र साठवलेले मेमरीचे तुकडे) चढलेले असतात. त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून मजकुराच्या कन्सोलवर जावे, लॉगिन करावे आणि तिथून प्रोग्रॅम चालवावा. 'परमिशन डिनाइड' आले, तर वापरकर्त्याला 'व्हिडिओ' या ग्रुपमध्ये घालावे. प्रत्येक वेळी सुडो वापरण्याची सवय लावून घेऊ नये.

क्रम असा: उपकरण वाचन-लेखनासाठी उघडावे; 'एफबीआयओगेट_व्हीस्क्रीनइन्फो' आणि 'एफबीआयओगेट_एफस्क्रीनइन्फो' हे दोन आयओसीटीएल (उपकरणाला माहिती विचारणारे किंवा आज्ञा देणारे सिस्टिम कॉल) करावेत; पहिल्यातून रुंदी, उंची, दर पिक्सेलचे बिट आणि तिन्ही रंगांच्या जागा घ्याव्यात; दुसऱ्यातून 'लाइन_लेंग्थ' आणि एकूण मेमरी घ्यावी; आणि तेवढी मेमरी 'एमएमॅप' करून, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडून घेऊन, तिचा पत्ता आपल्या स्ट्रक्चरमध्ये भरावा. वर लिहिलेली रेषेची फंक्शन्स आता एकही ओळ न बदलता पडद्यावर चालतात.

'लाइन_लेंग्थ' हाच स्ट्राइड आहे, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. एका जुन्या लॅपटॉपवर, ज्याचा पडदा १३६६ × ७६८ चा होता, मी स्ट्राइड विचारण्याची तसदी न घेता रुंदीला चाराने गुणले आणि ५४६४ हा आकडा वापरला. पडद्याच्या मधोमध काढलेली उभी रेषा डावीकडे आडवीतिडवी धावत सुटली, डाव्या कडेला टेकली, उजव्या कडेतून पुन्हा आत आली आणि असे करत करत तळापर्यंत गेली. अर्धा दिवस मी ड्रायव्हरला दोष देत होतो. प्रत्यक्षात हार्डवेअरला प्रत्येक ओळ ६४ बाइटांच्या पटीत हवी होती. ५४६४ ला ६४ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून खरा स्ट्राइड ५५०४ होता. दर ओळीमागे ४० बाइट, म्हणजे १० पिक्सेल, मी कमी मोजत होतो आणि तेवढीच माझी रेषा दर ओळीला डावीकडे सरकत होती. १९२० रुंदीच्या पडद्यावर ७६८० बाइट होतात व ते ६४ च्या पटीतच असल्यामुळे ही चूक तिथे झाकली जाते, आणि मग ती ग्राहकाकडच्या वेगळ्या पडद्यावर उघडी पडते. चित्र तिरके दिसले की आधी स्ट्राइड पाहावा.

रंगांचेही तसेच. ३२ बिटांच्या नेहमीच्या मांडणीत निळा सर्वांत खालच्या आठ बिटांत, त्यावर हिरवा, त्यावर लाल आणि वरचे आठ बिट रिकामे असतात. इंटेल किंवा आर्म प्रोसेसरवर मेमरीत पहिला बाइट त्यामुळे निळ्याचा येतो. हा क्रम उलटा धरला, तर २५५, १५३, ५१ हा भगवा रंग पडद्यावर आकाशी दिसतो, हिरवा मात्र हिरवाच राहतो, आणि तीच या चुकीची खूण आहे. एसपीआय या साध्या जोडणीने लावलेल्या लहान पडद्यांवर पिक्सेल बहुधा १६ बिटांचा असतो: पाच बिट लाल, सहा हिरवा, पाच निळा. तिथे शुद्ध लाल म्हणजे ६३,४८८, शुद्ध हिरवा २,०१६ आणि शुद्ध निळा ३१. हे आकडे पाठ असावेत असे नाही, पण तपासणीच्या वेळी ते समोर असले की बरे पडते.

कन्सोलचा लुकलुकणारा कर्सर चित्राच्या डोक्यावर नाचत राहतो. तो घालवण्यासाठी टीटीवाय (कन्सोलच्या) उपकरणावर 'केडीसेटमोड' हा आयओसीटीएल करून 'केडी_ग्राफिक्स' हा मोड लावावा आणि बाहेर पडताना 'केडी_टेक्स्ट' परत लावावा. हे 'परत लावणे' मनावर घेतले नाही तर पंचाईत होते: प्रोग्रॅम मध्येच मेला, तर पडदा काळा राहतो, टाइप केलेले काही दिसत नाही आणि यंत्र बंद पडल्यासारखे वाटते. म्हणून इंटरप्ट व टर्मिनेट या दोन्ही सिग्नलांवर साफसफाईचे फंक्शन बांधावे; आणि किल सिग्नल कोणालाच पकडता येत नसल्यामुळे, काम चालू असताना दुसऱ्या संगणकावरून एसएसएचचे एक सत्र उघडे ठेवावे.

शेवटची सूचना वेगाची. एमएमॅपने मिळालेल्या पडद्याच्या मेमरीतून वाचणे बऱ्याच यंत्रांवर अत्यंत मंद असते, लिहिणे मात्र जलद. पारदर्शक रंग मिसळताना जुना पिक्सेल वाचावा लागतो, म्हणून चित्र नेहमी साध्या मेमरीत पूर्ण करावे आणि मग ओळीगणिक मेमकॉपीने पडद्यावर टाकावे. चित्र एकदम पडद्यावर येत असल्यामुळे अर्धवट रेखाटलेल्या आकृत्यांचे लुकलुकणेही कमी होते.

केएमएस: खऱ्या कामासाठी

फ्रेमबफरवर चित्र हलवू लागलो की मधोमध चिरलेले दिसते: वरचा अर्धा भाग नव्या चित्राचा, खालचा जुन्याचा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फेरी सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते आणि १९२० × १०८० चे ३२ बिटांचे एक चित्र ८२,९४,४०० बाइटांचे. ते लिहीत असतानाच पडद्याची वाचणी खाली उतरत असते. यावरचा खरा उपाय म्हणजे दोन बफर ठेवून पडद्याच्या दोन फेऱ्यांमधल्या फटीत त्यांची अदलाबदल करणे, आणि ते नीट करण्याची जागा म्हणजे कर्नेलमधील डीआरएम (ग्राफिक्स कार्ड सांभाळणारा भाग, डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर) आणि त्यातील केएमएस (पडद्याचा मोड लावणारा भाग, कर्नेल मोड सेटिंग). केएमएस कर्नेलमध्ये २००९ साली आले. आज कर्नेलमध्ये पडद्याचे नवे ड्रायव्हर याच चौकटीसाठी लिहिले जातात आणि 'एफबी०' हे उपकरण बहुतेक ठिकाणी जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीपुरते त्यावरच उभे केलेले असते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: शिकताना फ्रेमबफर वापरावा, पण दुकानात, स्थानकावर किंवा कारखान्यात रात्रंदिवस चालायच्या फलकासाठी केएमएसच वापरावे.

इथे चार संज्ञा ओळखीच्या कराव्या लागतात. कनेक्टर म्हणजे एचडीएमआयसारखी जोडणीची जागा. सीआरटीसी म्हणजे बफर वाचून त्याचे संकेतात रूपांतर करणारा भाग. नावात जुन्या काचेच्या नळीचा उल्लेख असला, तरी तो आजच्या पडद्यांनाही लागू आहे. या दोहोंमधला दुवा म्हणजे एनकोडर. आणि मोड म्हणजे रुंदी, उंची व वारंवारता यांचा संच.

'/डेव्ह/डीआरआय/कार्ड०' उघडावे आणि 'डीआरएममोडगेटरिसोर्सेस' कॉल करून सर्व कनेक्टरांची यादी घ्यावी. रास्पबेरी पाय ४ वर इथेच पहिला अडथळा येऊ शकतो, कारण तिथे त्रिमिती चित्रणाचा भाग आणि पडद्याचा भाग ही दोन वेगळी कार्डे म्हणून दिसतात आणि त्यांतील एकाला कनेक्टरच नसतात. तेव्हा कार्ड० वर अडून न बसता कार्ड१ ही तपासावे. यादीतील जो कनेक्टर 'कनेक्टेड' आहे आणि ज्याला किमान एक मोड आहे, तो निवडावा. ज्या मोडवर 'प्रिफर्ड' अशी खूण असेल तो घ्यावा. कनेक्टरला आधीच एनकोडर जोडलेला असेल तर त्याचाच सीआरटीसी वापरावा, नसेल तर एनकोडरच्या 'पॉसिबल_सीआरटीसीज' या बिटांच्या संचातून चालणारा शोधावा.

त्यानंतर 'क्रिएट_डंब' या आयओसीटीएलला रुंदी, उंची आणि ३२ बिट असे सांगून बफर मागावा. 'डंब' म्हणजे ग्राफिक्स कार्डाची कोणतीही करामत न वापरता केवळ प्रोसेसरने रंगवायचा साधा बफर. कर्नेल उत्तरादाखल हँडल, आकार आणि 'पिच' देते. हा पिच म्हणजे पुन्हा आपला स्ट्राइडच, आणि तो स्वतः मोजायचा नाही. 'डीआरएममोडअॅडएफबी' ने त्या बफराला फ्रेमबफरचा क्रमांक मिळतो, 'मॅप_डंब' आणि 'एमएमॅप' ने त्याचा पत्ता. आधीच्या सीआरटीसीची स्थिती 'डीआरएममोडगेटसीआरटीसी' ने जपून ठेवावी आणि मगच 'डीआरएममोडसेटसीआरटीसी' कॉल करावा. हा कॉल परवानगी नाही म्हणून अडला, तर डेस्कटॉप सुरू आहे असे समजावे. एका वेळी एकच प्रोग्रॅम 'डीआरएम मास्टर' असू शकतो आणि तो मान त्या क्षणी दुसऱ्याकडे असतो.

पहिले चित्र दिसले की दुसरा डंब बफर तयार करावा. एका बफरात रंगवावे, 'डीआरएममोडपेजफ्लिप' ने अदलाबदलीची मागणी नोंदवावी, पोल या कॉलने घटना (इव्हेंट, म्हणजे काही घडल्याची सूचना) येण्याची वाट पाहावी आणि 'डीआरएमहँडलइव्हेंट' मधून अदलाबदल झाल्याची खात्री पटल्यावरच जुन्या बफराला हात लावावा. घटना येण्याआधी दुसरी मागणी केली, तर कर्नेल 'बिझी' असे उत्तर देते. नवशिक्यांचा लूप सहसा इथेच अडतो. काम संपल्यावर जपून ठेवलेली सीआरटीसी स्थिती पूर्ववत करावी, फ्रेमबफर काढून टाकावेत आणि डंब बफर नष्ट करावेत.

कळफलकाचीही व्यवस्था आता स्वतःच करावी लागते. '/डेव्ह/इनपुट' मधील उपकरणांतून थेट घटना वाचता येतात, पण स्पर्शपडदे आणि टचपॅड यांच्या तऱ्हा लक्षात घेता 'लिबइनपुट' ही लायब्ररी वापरणे शहाणपणाचे आहे.

खिडकीत तेच चित्र

एक्स विंडो सिस्टिमची सुरुवात १९८४ साली एमआयटीत झाली आणि तिची आजची अकरावी आवृत्ती १९८७ ची आहे. तिच्यात खिडकी मागवणे सोपे असते: डिस्प्ले उघडावा, खिडकी तयार करावी, हव्या त्या घटना निवडाव्यात आणि खिडकी मॅप करावी, म्हणजे पडद्यावर आणावी. मात्र मॅप केल्याबरोबर चित्र काढले तर ते कधी दिसते, कधी दिसत नाही. एक्स सर्व्हर खिडकीतील मजकूर जपून ठेवण्याची हमी देत नाही. चित्र काढण्याची वेळ 'एक्सपोज' ही घटना सांगते आणि ती जितक्या वेळा येईल तितक्या वेळा चित्र पुन्हा द्यावे लागते. साध्या मेमरीत चित्र पूर्ण तयार असण्याचा फायदा इथे पुन्हा दिसतो, कारण एक्सपोज आले की तीच मेमरी 'एक्सपुटइमेज' ने पाठवायची असते. खिडकीच्या बंद करण्याच्या बटणासाठी 'डब्ल्यूएम_डिलीट_विंडो' हा प्रोटोकॉल आधी मान्य केलेला असावा. नाहीतर विंडो मॅनेजर (खिडक्यांची मांडणी व पट्ट्या सांभाळणारा प्रोग्रॅम) सर्व्हरशी असलेली जोडणीच तोडतो आणि साफसफाई न होता प्रोग्रॅम बंद पडतो.

वेलँड या एक्सच्या जागी येत असलेल्या नव्या विंडो प्रणालीत व्यवहार उलटा आहे. तिथे मेमरी आपण घेतो, तिचा फाइल डिस्क्रिप्टर 'डब्ल्यूएल_एसएचएम' मार्फत कंपॉझिटरला (सर्व खिडक्या एकत्र करून पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) देतो आणि स्ट्राइडही आपणच सांगतो. बफर जोडून कमिट केल्याशिवाय (बदल पक्का केल्याशिवाय) खिडकी अस्तित्वातच येत नाही. त्याआधी 'एक्सडीजी' पृष्ठभागाचे रिकामे कमिट करावे लागते आणि त्यावर आलेल्या 'कॉन्फिगर' घटनेची पोच द्यावी लागते. पुढचे चित्र केव्हा काढावे हे फ्रेम कॉलबॅक सांगतो, आणि दिलेला बफर 'रिलीज' घटना येईपर्यंत कंपॉझिटरचा असतो. पेजफ्लिपची शिस्त ज्याने पाळली आहे, त्याला यात नवे काही वाटणार नाही. शीर्षकपट्टी मात्र काही कंपॉझिटर देतात, काही देत नाहीत; नोम या डेस्कटॉपवर ती स्वतः रेखाटावी लागते.

रोजच्या कामात हे सारे हाताने लिहू नये. खिडकी, चित्र व इनपुट एकाच रीतीने हाताळणाऱ्या एसडीएल लायब्ररीत खिडकी, रेंडरर आणि 'स्ट्रीमिंग' प्रकारचे टेक्स्चर तयार करावे, टेक्स्चर लॉक केल्यावर मिळणारा पत्ता व पिच आपल्या स्ट्रक्चरमध्ये भरावा, चित्र काढावे, अनलॉक करून दाखवावे. लॉक केलेल्या मेमरीत आधीचे चित्र शिल्लक असेल असे धरू नये. एसडीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत 'एसडीएल_व्हिडिओड्रायव्हर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'केएमएसडीआरएम' ही किंमत दिली, की तोच प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता कन्सोलवर पूर्ण पडद्याने चालतो; अट इतकीच, की ती लायब्ररी त्या सोयीसह बांधलेली असावी. टेबलावर खिडकीत चाचणी आणि भिंतीवरच्या फलकावर विनाखिडकी, हे दोन्ही यातून साधते.

अक्षरे, आणि त्यातही देवनागरी

विंडो सिस्टिम नसली की फॉन्टही नसतात. लिनक्सचे कन्सोल कामाला येईल अशी आशा ठेवू नये: त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि अक्षरे एकमेकांना जोडण्याची त्याला समजच नाही. इंग्रजी फलकासाठी अक्षरामागून अक्षर छापत जाणे चालून जाते. मराठीत मात्र 'किती' लिहिताना क नंतर साठवलेली ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी काढावी लागते, आणि 'सूर्य' मध्ये आधी साठवलेला र रफार होऊन य च्या डोक्यावर जातो.

अक्षरे जोडून त्यांच्या जागा ठरवण्याचे हे काम हार्फबझ लायब्ररीवर सोपवावे. बफरात यूटीएफ-८ मजकूर भरावा, लिपी देवनागरी, दिशा डावीकडून उजवीकडे आणि भाषा मराठी अशी स्पष्ट सांगावी. भाषा सांगितली तर, फॉन्टमध्ये सोय असल्यास, मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. 'एचबी_शेप' नंतर आकृत्यांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा मिळतात. फ्रीटाइप या फॉन्टमधील आकृत्या रंगवणाऱ्या लायब्ररीच्या जोडीने वापरताना त्या जागा पिक्सेलच्या चौसष्टांशात असतात, म्हणून त्यांना ६४ ने भागायला विसरू नये. मग फ्रीटाइपकडून प्रत्येक आकृतीचा ० ते २५५ गडदपणाचा नकाशा घ्यावा आणि दर पिक्सेलला, दर रंगासाठी, असे मिश्रण करावे:

नवा = (शाईचा रंग × गडदपणा + जुना × (२५५ − गडदपणा)) ÷ २५५

या नकाशालाही स्वतःचा पिच असतो आणि तो ऋणही असू शकतो, म्हणजे ओळी खालून वर मांडलेल्या असू शकतात. मजकूर उलटा उमटला तर तिथे पाहावे.

तपासणीसाठी 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द एकाखाली एक छापावेत. पहिल्यात नुक्ता असलेला ऱ साठवलेला असतो व त्याची आडवी खूण य च्या डावीकडे यायला हवी. दुसऱ्यात रफार य च्या वर यायला हवा. दोन्ही ओळी सारख्याच दिसल्या, तर हार्फबझला दोष देण्याआधी कळफलकातून प्रत्यक्षात कोणता र साठवला गेला आहे ते यूटीएफ-८ च्या बाइटांत पाहावे: ऱ चे शेवटचे दोन बाइट ए४ आणि बी१ असतात, साध्या र चे ए४ आणि बी०.